नीस ते काप फेरा: समुद्र उजव्या हाताला ठेवून दोन दिवसांची कड्यांवरची चाल

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसला जाऊन आलेल्यांकडून मी तीन तक्रारी पुन्हापुन्हा ऐकतो. "वाट बंदच होती." "भर उन्हात निम्म्यावरून परत फिरलो." "शेवटी बस गेली आणि अंधारात डांबरी रस्त्याने चालावं लागलं." तिन्ही वेळा माणसं धडधाकट होती, हवाही बरी होती. चुकला तो क्रम. आधी काय बघायचं, कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, हे उलटसुलट झालं की ही सुंदर वाट माणसाला पार थकवून टाकते.

म्हणून इथे फक्त चालण्याचं सांगतो. नीसच्या बंदरापासून व्हिलफ्रांश गावापर्यंत पहिला दिवस, आणि व्हिलफ्रांशहून काप फेरा या भूशिराला वळसा घालून बोल्यू स्टेशनपर्यंत दुसरा. सगळं मिळून सोळा-सतरा किलोमीटर होतं. नकाशावर हा आकडा बघून "एका दिवसात उरकू" असं वाटतं. तसं करू नका. त्यातला मोठा भाग पायऱ्या आणि खडक आहे.

## तयारी: निघण्याच्या आदल्या दिवशी

समुद्राचं आधी बघा, पावसाचं नंतर. आपण कोकणच्या समुद्रावर वाढलेली माणसं. आपला पहिला प्रश्न असतो, भरती किती वाजता? मुंबईत मोठ्या भरतीला पाणी जवळजवळ पाच मीटरपर्यंत चढतं, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे योग्यच. भूमध्य समुद्राला मात्र नीसपाशी भरती-ओहोटी असते जेमतेम वीत-दीडवीत. भरतीचं वेळापत्रक इथे तुम्हाला काहीही सांगणार नाही. ओहोटी आहे म्हणून वाट सुरक्षित, असं कधीच धरू नका.

इथे धोका ठरतो तो वाऱ्यावर आणि दुरून येणाऱ्या लाटांवर. शंभर-दोनशे किलोमीटरवर काल वादळ झालं असेल, तर आज नीसमध्ये आकाश निळं, वारा पडलेला आणि तरी पायवाटेवर लाट येतेय, असं होऊ शकतं. फ्रान्सच्या हवामान खात्याचा, म्हणजे मेतेओ-फ्रान्सचा, जिल्ह्यानुसार इशारा असतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. नीसचा जिल्हा आल्प-मारितीम. त्यात पाऊस, वादळ यांच्याबरोबर किनाऱ्यावर लाटा चढण्याचा वेगळा रकाना असतो. तो रकाना हिरवा नसेल तर कड्यांवरची वाट त्या दिवशी सोडून द्या. साधा पिवळा असला तरीही.

महिना. एप्रिल ते मध्य जून, किंवा मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये वाटेवर सावली जवळपास नसते आणि पांढरा चुनखडी खडक खालूनही तापवतो. ऑक्टोबर उलटला की जोराचे पाऊस आणि खवळलेला समुद्र यांचे दिवस वाढतात.

बूट. रबरी तळाचे, पकड असलेले बूट. चपला, सॅण्डल आणि गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट्‌स शूज नकोत. इथला चुनखडी खडक हजारो पावलांनी घासून साबणासारखा झालेला आहे, आणि त्यावर खारं पाणी पडलं की सह्याद्रीतला अनुभवी ट्रेकरही घसरतो. पोहायचं असेल तर पाण्यात घालायचे रबरी बूट वेगळे घ्या. खडकांच्या कपारीत काटेरी समुद्री अर्चिन असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडून राहतात.

पाणी आणि खाणं. माणशी दीड लिटर, उन्हाळ्यात दोन. खाणं दोन प्रकारचं: खारट आणि गोड. खारे शेंगदाणे, गूळपोळी, चिक्की हे घरून आणलेलं उत्तम चालतं. पेढे, बर्फी, चीज आणि मांस मात्र बॅगेत घालू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. नीसचं डब्यात न्यायचं प्रसिद्ध जेवण म्हणजे पाँ बान्या, भाज्या भरलेला गोल पाव. दिसतो सॅलडसारखा, पण आत ट्यूना, अँचोवी मासे आणि अंडं असतं. कांदा पसरून भाजलेल्या पिसालादिएर या पावावरही अँचोवी असतात. निर्धास्त खावं असं एकच, सोक्का. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस. तांब्याच्या मोठ्या परातीत, कडक भट्टीत भाजतात. कडा काळसर कुरकुरीत, मध्ये मऊ, वरून मिरपूड. हातात कागदावर गरम तुकडा आला की जीभ लगेच ओळखते, हे आपलं बेसनाचं धिरडंच आहे. पण सोक्का थंड झाला की चामट होतो, म्हणून तो डब्यात नेऊ नका. आदल्या संध्याकाळी जुन्या नीसमध्ये उभ्या उभ्या खा.

> थांबा आणि तपासा: लाटांचा रकाना हिरवा आहे? ट्रेनचा संप नाही ना? (संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात, तो बहुधा आधी जाहीर होतो.) फोन पूर्ण चार्ज? ११२ हा आपत्कालीन आणि १९६ हा समुद्रातल्या बचावाचा नंबर फोनमध्ये आहे?

## दिशेचा एकच नियम

दोन्ही दिवस समुद्र उजव्या हाताला. प्रदक्षिणेत देव उजवीकडे असतो तसा. नीसहून व्हिलफ्रांशकडे पूर्वेला जाताना, काप फेराच्या पश्चिम अंगाने दक्षिणेला उतरताना, आणि पूर्व अंगाने बोल्यूकडे वर येताना, तिन्ही वेळा हा नियम लागू होतो. वाट चुकल्यासारखी वाटली की फोन काढण्याआधी उजवीकडे बघा.

यामागे उन्हाचं गणित आहे. सकाळी लवकर निघालात तर नीसच्या बाजूच्या वाटेवर मों बोरों डोंगराची सावली असते, कारण सूर्य त्या डोंगरामागून येतो. काप फेराच्या पश्चिम अंगालाही सकाळी सावली, आणि पूर्व अंगाला दुपार कलल्यावर. उलट दिशेने गेलात तर दोन्ही वेळा ऊन थेट अंगावर. पहिल्या खेपेला आम्ही बोल्यूकडून उलटं सुरू केलं होतं, तेही अकरा वाजता. बरोबर माझी मावशी होती, वय बासष्ट. काप फेराच्या टोकाच्या दीपगृहापर्यंत पोचलो तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झालेला आणि पाणी संपलेलं. दोन वर्षांनी तीच वाट तिने सकाळी, सरळ दिशेने, गप्पा मारत पूर्ण केली.

## पहिला दिवस: बंदरापासून व्हिलफ्रांश

### टप्पा १: पोर लँपिया ते कोको बीच (सुमारे अर्धा तास)

ट्रॅमची दुसरी लाइन विमानतळापासून थेट पोर लँपिया या बंदरापर्यंत येते, तिथेच उतरा. सकाळी सातपर्यंत इथे असलात तर उत्तम. जूनमध्ये सहाच्या आत उजाडतं, सप्टेंबरअखेर सव्वासातनंतर. त्याप्रमाणे वेळ सरकवा.

आधी किल्ल्याच्या टेकडीवर चढून मग ही वाट करायची, असा बेत पुष्कळ जण आखतात. टेकडी नव्वद-एक मीटर उंच आहे, वरून दृश्य सुरेख, पण दोनशेवर पायऱ्यांनी पाय आधीच भरून येतात. टेकडी दुसऱ्या संध्याकाळी ठेवा. तिला फुकट लिफ्टही आहे.

बंदराच्या पूर्व कडेने फ्रांक पिलात बुलेव्हारवर या. उजवीकडे खडकावर डायव्हिंगच्या फळीसारखं उभारलेलं रेस्टॉरंट दिसेल. तसंच पुढे चालत राहिलात की कोको बीच येतो. नावात बीच असलं तरी वाळू नाही. सपाट खडक आणि पाण्यात उतरायच्या शिड्या. सकाळी इथे नीसचे आजी-आजोबा पोहायला येतात.

> थांबा आणि तपासा: इथे दहा मिनिटं नुसते उभे राहा. लाटा एकसारख्या येत नाहीत. पाच-सात लहान आणि मग दोन-तीन मोठ्या, अशा जुडग्याने येतात. दोन मिनिटं बघून निघणारा माणूस फक्त लहान लाटा बघून निघतो. वाटेच्या सिमेंटकडेही बघा. कोरडं सिमेंट फिकट दिसतं, ओलं गडद. पायऱ्यांवर गडद पट्टा असेल आणि रात्री पाऊस झाला नसेल, तर लाट तिथपर्यंत आलेली आहे. मग आज ही वाट नाही.

### टप्पा २: काप द नीसची पायवाट (पाऊण ते सव्वा तास)

पाटीवर 'सांतिए द्यु लितोराल' असं लिहिलेलं असतं, म्हणजे किनाऱ्याची पायवाट. इथून कड्याच्या पायथ्याशी, खडक आणि सिमेंटमधून वाट जाते. अंतर दोनेक किलोमीटरच, पण ती सपाट पाच पावलंसुद्धा राहत नाही. दहा पायऱ्या वर, सात खाली, एक वळण, पुन्हा वर. गुडघेदुखी असलेल्यांना चढण्यापेक्षा ही सततची उतरण त्रास देते. घडीची काठी असेल तर इथेच काढा. बाबागाडी नेता येत नाही. लहान मूल असेल तर पाठीवरच्या झोळीत, आणि हात धरून चालणारं मूल नेहमी कड्याच्या, म्हणजे डाव्या बाजूला. सगळीकडे कठडा नाही.

इथे लोकांच्या चुका ठरलेल्या आहेत.

पहिली: बंद दार ओलांडणे. वाटेला फाटकं आहेत. खवळलेला समुद्र असला किंवा दगड पडले असले की ती लावतात. पाटीवरचा शब्द उच्चारात 'फेर्मे', म्हणजे बंद, अक्षरं एफ, ई, आर, एम, ई. त्याशेजारून पलीकडे गेलेली माणसं तुम्हाला दिसतील. त्यांच्यामागे जाऊ नका. पुढे मध्येच बाहेर पडायला रस्ते फार नाहीत. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी, एवढंच असतं.

दुसरी: फोटोसाठी वाट सोडून खालच्या खडकावर उतरणे. वरून कोरडा दिसणारा खडक पाण्याजवळ शेवाळलेला असतो. फोटो वाटेवरूनच काढा, चालताना नाही, थांबून.

तिसरी: मध्येच पोहणे. इथे जीवरक्षक नाही. पोहायचंच असेल तर व्हिलफ्रांशच्या किनाऱ्यावर पोहा. पाण्यात जांभळट जेलीफिश दिसले तर बाहेर या. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी टाकलं तर उरलेल्या डंखपेशी फुटून आग वाढते.

### टप्पा ३: पायऱ्यांनी वर रस्त्यावर, आणि व्हिलफ्रांश (पाऊण ते एक तास)

पायवाट व्हिलफ्रांशपर्यंत जात नाही. अनेकांचा गोंधळ होतो तो इथेच. काप द नीस या भूशिराच्या पुढे ती लांब पायऱ्यांनी वर डांबरी रस्त्याला मिळते. खाली आणखी वाट शोधत बसू नका. वर या, श्वास घ्या, उजवीकडे वळा. पुढचा भाग फुटपाथवरून. गाड्या वेगात असतात, म्हणून एकामागोमाग एक चाला.

थोड्या वेळाने वळणावर व्हिलफ्रांशचा खोल उपसागर एकदम समोर उघडतो, पलीकडे हिरवा काप फेरा. उद्याचा रस्ता इथूनच डोळ्यांनी मोजून ठेवा: डावीकडे मानेसारखी चिंचोळी जमीन, मग लांब दाट झाडी, टोकाला पांढरं दीपगृह.

व्हिलफ्रांशच्या किल्ल्यापाशी खाली उतरून गावात या. दुपारच्या उन्हात थांबायला 'रू ऑब्स्क्यूर' ही जुनी झाकलेली गल्ली बरी. सुमारे १३० मीटर लांब, वर घरांची तुळवंटं, आत गारवा. मग मारिनिएर किनारा, आणि त्याच्याच वर स्टेशन. नीसला ट्रेनने दहा मिनिटंही लागत नाहीत. तिकीट चढण्याआधी काढा. कागदी तिकीट असेल आणि फलाटावर शिक्का मारायचं यंत्र असेल, तर त्यात ते घाला. तिकीट हातात असूनही शिक्का नाही म्हणून दंड भरलेले लोक मी पाहिले आहेत.

### वाट बंद असेल तर

पहिल्या दिवशी फाटक लागलेलं दिसलं तर नीसमध्ये परतायची गरज नाही. वरून, मों बोरोंच्या जंगलातून जा. चढ चांगलाच आहे, पण पाइनची सावली असते. वर मों आल्बां हा सोळाव्या शतकातला लहानसा किल्ला आहे, सुमारे २२० मीटर उंचीवर. तिथून पश्चिमेला अख्खं नीस आणि पूर्वेला व्हिलफ्रांश, दोन्ही एकाच जागेवरून दिसतात. किल्ल्याजवळून पायवाट आणि पायऱ्यांनी व्हिलफ्रांशला उतरता येतं. खरं सांगायचं तर गुडघे बरे असतील त्यांनी ही वाट समुद्र शांत असतानाही एकदा करावी.

## दुसरा दिवस: काप फेरा

### टप्पा ४: व्हिलफ्रांश स्टेशन ते पसाब्ल (सुमारे पाऊण तास)

सकाळच्या ट्रेनने व्हिलफ्रांश. किनाऱ्याच्या पूर्व टोकापर्यंत चालत जा, तिथल्या पायऱ्यांनी वर रस्त्याला लागा आणि भूशिराच्या मानेवरून पश्चिम अंगाने पसाब्ल किनाऱ्यावर उतरा. हा भाग बंगल्यांच्या भिंतींमधून जातो, कंटाळवाणा आहे. ज्यांना ताकद राखायची आहे त्यांनी नीसहून १५ नंबरच्या बसने थेट पसाब्लजवळ यावं.

> थांबा आणि तपासा: पाणी इथे भरा. पसाब्ल सोडलं की सँ-झां गावापर्यंत वाटेवर दुकान नाही, सावली तुरळक, आणि मध्येच बाहेर पडून बस पकडावी असंही फारसं काही नाही. बाटली अर्धी असेल तर निघू नका. नळावर 'नों पोताब्ल' लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही.

### टप्पा ५: पसाब्ल ते दीपगृह ते सँ-झां (दीड ते दोन तास)

दोन दिवसांतला सगळ्यात सुंदर भाग हाच. सुरुवातीला झाडीतून, मग उघड्या पांढऱ्या खडकांवरून. दीपगृहाच्या टोकाशी जमीन संपते आणि खडक सुऱ्यांसारखे धारदार होतात. पावसाने आणि खाऱ्या पाण्याने चुनखडी झिजून झालेल्या त्या कडा हात टेकला तरी कापतात. इथे सावकाश चाला. वाऱ्याचा खरा जोरही इथेच कळतो. टोपीला दोरी नसेल तर ती सॅकमध्ये घाला. (नीसच्या किल्ल्याच्या टेकडीखालच्या समुद्रकाठच्या एका धक्क्याचं नावच स्थानिक बोलीत 'टोपी चोरणारा' आहे.)

दीपगृहाशी पोचल्यावर स्वतःला विचारा: टोकाच्या खडकांवर लाटेचे तुषार वाटेपर्यंत येतायत का? येत असतील तर मागे फिरून पसाब्ललाच जा. "आता निम्मं झालंच आहे" या विचाराने पुढे जाणं ही इथली सगळ्यात महागडी चूक आहे. पूर्व अंगाला समुद्र पश्चिमेपेक्षा वेगळा असतो. पूर्वेचा वारा असेल तर तिकडे जास्तच खवळलेला मिळतो.

### टप्पा ६: सँत-ऑस्पिसचा फेरा (हवा असेल तरच, सुमारे पाऊण तास)

सँ-झांच्या बाजूला भूशिराचा आणखी एक अंगठा समुद्रात गेलेला आहे. त्याला वळसा घालणारी वाट सोपी आहे आणि पालोमा किनाऱ्याशी संपते. टोकाला एक चॅपल आणि शेजारी अकरा मीटरहून उंच मदर मेरीची ब्राँझची मूर्ती. पाय दुखत असतील तर हा टप्पा गाळा, मनाला लावून घेऊ नका.

### टप्पा ७: सँ-झां ते बोल्यू (अर्धा तास)

इथे लोक बसची वाट बघत बसतात. संध्याकाळी बस विरळ होतात आणि उन्हाळ्यात भरून येतात. त्यापेक्षा बंदरापासून निघणारा मोरिस रुव्हिए हा पादचारी रस्ता घ्या: सपाट, पाण्यालगत, गाड्या नाहीत, अंतर सव्वा-दीड किलोमीटर. दुपार कलल्यावर तो सावलीत असतो. मावशीला सगळ्यात आवडलेला भाग हाच, कारण पहिल्यांदाच पायाखाली न बघता चालता आलं.

बोल्यूच्या फोर्मी उपसागराशी पोचलात की डावीकडे गावात वळा. स्टेशन तिथून थोड्याच अंतरावर. फलाटावर गाडीच्या पाटीवरचं शेवटचं नाव वाचा. मांतों किंवा व्हँतिमी लिहिलेली गाडी इटलीच्या दिशेने जाते. तुम्हाला नीस, कान किंवा ग्रास लिहिलेली गाडी हवी. तिच्यात समुद्र डाव्या बाजूच्या खिडकीला असतो.